लोह रानात आहे, मग पिकात का नाही?

प्रश्न थोडक्यात असा. अथणी तालुक्यात तुमचं पाच एकर काळं रान आहे, निम्म्यात उसाचा खोडवा (तोडणीनंतर बुडख्यातून पुन्हा फुटलेला ऊस) आणि निम्म्यात उन्हाळी भुईमूग. दोन्ही पिकं पिवळी पडलीत. माती तपासून आणली तर अहवालात लोहापुढे 'पुरेसे' असं लिहून आलं. तरीही कुणाच्या तरी सांगण्यावरून एकरी २५ किलो हिराकस (फेरस सल्फेट) टाकलंत, पिवळेपणा काही गेला नाही. तिकडे खानापूरला मेहुण्यांच्या तांबड्या रानात आजवर कुणी चमचाभर लोह दिलेलं नाही, उलट त्यांच्या भाताला 'लोह जास्त झालंय' असं सांगितलं गेलं. म्हणून तुम्ही विचारता की लोह किती घ्यायचं हे ठरवतं कोण, माती की झाड?

झाड ठरवतं, आणि फार बारकाईने ठरवतं. माती त्याचं चालू देते किंवा देत नाही, एवढंच. तुमच्या रानात झाड लोह मागतंय, त्यासाठी धडपडतंय, पण ती धडपड मुळाच्या तोंडाशीच वाया जातेय. मेहुण्यांच्या रानात झाड नको म्हणतंय आणि लोह तरीही आत शिरतंय. गेली बावीस वर्षं मी या बेळगाव जिल्ह्यातल्या माती, पाणी आणि पानांची तपासणी करतोय. खानापूर आणि अथणीचे नमुने एकाच टेबलावर शेजारी ठेवले की एकाच जिल्ह्यात दोन टोकं कशी नांदतात ते रोज दिसतं.

आधी हिशेब करू. एक एकरातली वरची सहा इंच माती साधारण नऊ लाख किलो भरते. त्यात लोह ४ टक्के धरलं तरी ३६ टन होतं. तुमच्या २५ किलो हिराकसात लोह असतं जेमतेम पाच किलो. छत्तीस टनांत पाच किलोंची भर घालून काय व्हायचं? उसाच्या अख्ख्या पिकालाही काही किलोच लोह लागतं. म्हणजे रानात लोहाचा तुटवडा नाही, तुटवडा विरघळलेल्या लोहाचा आहे. मातीतलं बहुतेक लोह गंजाच्या रूपात बसलेलं असतं, आणि सामू (पीएच, मातीचं आम्ल-विम्लपण सांगणारा आकडा) एका अंकाने वाढला की त्या गंजातून पाण्यात उतरणारं लोह हजार पटीने घटतं. मेहुण्यांच्या मातीचा सामू साडेपाचच्या आसपास असेल, तुमच्या अहवालात तो ८.४ आहे. कागदावर हा फरक कोट्यवधी पटींचा होतो. शेतात शेणखत, कुजलेला पाला, सूक्ष्मजीव यांच्यामुळे तो इतका टोकाचा राहत नाही, पण दिशा तीच.

तुमच्याकडे हिराकसाचं उरलेलं पोतं असेल तर उघडून बघा. ताजे खडे फिकट हिरवे असतात. तोंड उघडं राहिलेल्या पोत्यात वरचा थर पिवळट तपकिरी झालेला दिसेल. तो गंजच. पोत्यात महिनाभरात जे होतं ते चुनखडीच्या ओल्या रानात फार लवकर होतं. म्हणून नुसतं हिराकस फेकून देणं म्हणजे गंजाच्या ढिगात आणखी मूठभर गंज घालणं. माझ्या सुरुवातीच्या वर्षांत मीही रायबागकडच्या एका शेतकऱ्याला असंच हिराकस फेकायला सांगितलं होतं. त्याचे पैसे गेले, पीक पिवळंच राहिलं. तेव्हापासून मी आधी झाड काय करतं ते समजावून सांगतो आणि मग खताकडे वळतो.

भुईमूग, सोयाबीन, हरभरा, टोमॅटो, द्राक्ष ही सगळी झाडं एका पद्धतीने लोह मिळवतात. लोह कमी पडलं की मुळं बाहेर आम्ल सोडतात, म्हणजे मुळाभोवतीच्या मातीचा सामू खाली आणतात. शिवाय गंज विरघळवायला मदत करणारी काही द्रव्यंही सोडतात. मग मुळाच्या पृष्ठभागावरचं एक विकर (एन्झाइम) त्या गंजातल्या लोहाला, म्हणजे फेरिक लोहाला, एक इलेक्ट्रॉन देऊन फेरस करतं. आणि मग एक वाहक प्रथिन त्या फेरस लोहाला पेशीच्या आत घेतं. आम्ल, रूपांतर, प्रवेश अशा या तीन पायऱ्या आहेत. यातली एक जरी अडली तरी पुढचं सगळं अडतं.

पहिली पायरी डोळ्यांनी बघता येते. भुईमुगाची दोन रोपं पाण्यात वाढवायची, एकाला लोह द्यायचं, दुसऱ्याला नाही. नवी पानं पिवळी पडू लागली की दोन्ही रोपांची मुळं अगारच्या, म्हणजे एका जेलीसारख्या पदार्थाच्या, पातळ थरावर ठेवायची. त्या अगारमध्ये ब्रोमोक्रेसॉल पर्पल नावाचा रंग मिसळलेला असतो, तो आम्लात पिवळा होतो आणि एरवी जांभळा राहतो. काही तासांत उपाशी रोपाच्या मुळांच्या टोकांभोवती जांभळ्या अगारमध्ये पिवळ्या कडा उमटतात. लोह मिळालेल्या रोपाभोवती जांभळा रंग तसाच राहतो. चिकोडीच्या एका शाळेतल्या मुलांना मी हा प्रयोग दाखवला होता. एका मुलीने विचारलं, 'म्हणजे झाडाला कळतं?' मला तोच प्रश्न हवा होता.

कळतं, आणि कसं कळतं हा या विषयातला सगळ्यात सुंदर भाग आहे. लोह आत घेणारं ते वाहक प्रथिन, आयआरटी-१, हे १९९६ साली अरॅबिडॉप्सिस या मोहरीच्या कुळातल्या छोट्या झाडात सापडलं. ते सतत तयार होत नाही. २००३ साली प्रसिद्ध झालेल्या एका फ्रेंच प्रयोगात एकाच रोपाची मुळं दोन भांड्यांत विभागली, एका भांड्यात लोह होतं आणि दुसऱ्यात अजिबात नव्हतं. साध्या तर्काने वाटेल की उपाशी भांड्यातली मुळं जास्त धडपड करतील. झालं उलट. लोह असलेल्या भांड्यातल्या मुळांनीच लोह घेण्याची यंत्रणा जोरात चालू केली. म्हणजे दोन गोष्टी जुळाव्या लागतात. शेंड्याकडून 'लोह हवंय' असा निरोप यायला हवा, आणि मुळापाशी थोडं तरी लोह असायला हवं. बँकेच्या लॉकरला दोन चाव्या लागतात ना, एक तुमची आणि एक बँकेची, तसंच. पान मागत असेल पण मुळापाशी काहीच नसेल, तर तिथे उगाच शक्ती खर्च करायची नाही, हे झाडाला पक्कं ठाऊक आहे.

हा निरोप पानांकडून मुळाकडे अन्नरसाच्या नळ्यांतून जातो. त्यात भाग घेणारे अगदी छोटे प्रथिनांचे तुकडे २०१८ साली ओळखले गेले. मुळात 'फिट' नावाचं एक नियंत्रक प्रथिन हा हुकूम जनुकांपर्यंत पोहोचवतं. ते सारखं तयार होतं आणि सारखं मोडलंही जातं, म्हणून गरज संपली की यंत्रणा लवकर थंडावते. शिवाय एक ब्रेकही आहे, ब्रुटस नावाचं प्रथिन, जे लोह घ्यायला लावणाऱ्या प्रथिनांनाच मोडीत काढतं.

इतकी राखण कशासाठी? कारण मोकळं लोह पेशीत फार घातक असतं. पेशीत हायड्रोजन पेरॉक्साइड नेहमीच थोडंफार तयार होत असतं. त्याला मोकळं फेरस लोह भेटलं की असा एक रेणू तयार होतो जो समोर येईल ते जाळतो, मग ती चरबी असो, प्रथिन असो की जनुक. म्हणून झाड लोहाला कधी मोकळं सोडत नाही. मुळापासून पानापर्यंत ते सायट्रिक आम्लाला बांधून नेतं, पेशीतलं जास्तीचं फेरिटिन नावाच्या प्रथिनात बंद करून ठेवतं. हरितद्रव्य तयार करायला लोह हवंच, पण मोजून हवं. जुन्या पानातलं लोह नव्या पानाकडे सहज नेता येत नाही, म्हणून उपासमार आधी नव्या पानावर दिसते. तुमच्या भुईमुगाचं शेंड्याचं पान पिवळं आणि शिरा हिरव्या, उसात पोंग्यातली पानं पिवळी-पांढरी आणि खालची हिरवी, ती याचमुळे. नत्राच्या कमतरतेत बरोबर उलट होतं, खालची पानं आधी पिवळी पडतात.

आणखी एक गोष्ट सांगतो, ती पानांचे अहवाल वाचताना उपयोगी पडते. ते वाहक प्रथिन फार चोखंदळ नाही. लोहासाठी दार उघडलं की त्याच दारातून जस्त, मँगनीज, कोबाल्ट, कॅडमियमही आत येतात. त्यामुळे पिवळ्या पानात जस्त आणि मँगनीज नेहमीपेक्षा जास्त दिसलं तर मी तो उपाशी झाडाचा पुरावा मानतो. पण अहवालातल्या एकूण लोहाच्या आकड्यावर मी विसंबत नाही. पिवळ्या पानातही एकूण लोह हिरव्या पानाइतकंच असू शकतं, कारण आत आलेलं लोह नुसतं पडून राहतं, कामाला लागत नाही. आणि पान धुतलं नसेल तर त्याच्यावरच्या धुळीत ४ टक्के लोह असतं, मग तो आकडा पानाचा की रस्त्याचा? म्हणून आम्ही ताजं पान स्वच्छ धुऊन, चिरून, ऑर्थो-फिनॅन्थ्रोलीनच्या द्रावणात रात्रभर ठेवतो. कामाचं फेरस लोह असेल तर द्रावण नारिंगी होतं. हिरव्या आणि पिवळ्या पानांच्या दोन नळ्या शेजारी धरल्या की शेतकऱ्याला आकडा सांगावा लागत नाही.

आता ऊस. ऊस, मका, गहू, ज्वारी ही गवतं. त्यांची रीत वेगळी. ती आम्लावर आणि रूपांतरावर विसंबत नाहीत. ती मुळातून एक द्रव्य बाहेर सोडतात, जे गंजातल्या फेरिक लोहाला चिमट्यासारखं धरतं, आणि मग मूळ तो चिमटा लोहासकट आत घेतं. असं द्रव्य पहिल्यांदा जपानमध्ये १९७६ साली टाकागी यांनी ओट आणि भाताच्या मुळांत दाखवलं, पुढे ते सातूच्या (जवाच्या) मुळांतही सापडलं. जपानीत सातू-गव्हाला 'मुगी' म्हणतात, म्हणून त्याला मुगिनिक आम्ल हे नाव पडलं. सातू ते रोज सकाळी, सूर्य वर आल्यावर काही तासांत, एकदम सोडतं. मातीतले जंतू ते खाऊन टाकतात, म्हणून दिवसभर थेंब थेंब सोडण्यापेक्षा एका दमात सोडून परत आत घेणं परवडतं. सातू हे द्रव्य भरपूर सोडतं, गहू त्याच्या खालोखाल, ज्वारी आणि भात फार थोडं. चिमट्याची ही रीत चढ्या सामूतही चालते, म्हणूनच चुनखडीच्या रानात गहू सहसा हिरवा राहतो आणि त्याच रानात भुईमूग पिवळा पडतो.

मग तुमचा खोडवाच का केवड्याने, म्हणजे लोहाच्या या उपासमारीने, पिवळा पडला, नवी लावण का पडत नाही? हे द्रव्य सुटतं कोवळ्या मुळांच्या टोकाजवळून. खोडव्याला सुरुवातीला जुन्या, निबर मुळांवर दिवस काढावे लागतात, वर मात्र फुटवे जोरात येत असतात. मागणी मोठी आणि घेणारी टोकं कमी. म्हणून तोडणीनंतर वरंब्यांच्या बगला फोडून, पाणी-खत देऊन नवी मुळं लवकर फुटतील असं बघणं हाच निम्मा उपाय आहे. (बाजरीवरही लोक केवडा म्हणतात तो बुरशीचा रोग, त्याचा याच्याशी संबंध नाही.)

तुमच्या अहवालात नसलेली गोष्ट आता. लोहाचा आकडा ४.५ पीपीएमच्या वर असला की अहवालात 'पुरेसे' लिहितात. तुमचा ५.२ आहे, म्हणून तसं आलं. पण त्या चाचणीत बायकार्बोनेट मोजलं जात नाही, आणि खरा अडसर तोच आहे. मूळ आम्ल सोडतं आणि बायकार्बोनेट ते तिथल्या तिथे पिऊन टाकतं. अगारमधली ती पिवळी कड तुमच्या मातीत उमटतच नाही. बायकार्बोनेट येतं चुनखडीतून आणि बोअरच्या पाण्यातूनही. रानात पाणी साचलं की मुळांनी आणि जंतूंनी सोडलेला कार्बन डायऑक्साइड बाहेर जाऊ शकत नाही, तो चुन्याशी मिळून आणखी बायकार्बोनेट तयार करतो. तुम्ही बघितलं असेल, जास्त पाणी झालं की भुईमूग चार दिवसांत पिवळा पडतो आणि वाफसा आला की काही न देता पुन्हा हिरवा होतो. त्या हिरवेपणाचं श्रेय बहुतेक वेळा त्या आठवड्यात मारलेल्या फवाऱ्याला मिळतं.

काहीजण गंधक टाकून सामूच खाली आणा म्हणतात. तुमच्या मातीत मोकळा चुना १० टक्के धरला तर एकरी ९० टन चुना झाला. तो मारायला सुमारे २९ टन गंधक लागेल. त्या वाटेला जाऊ नका. सगळ्या रानाशी भांडायचं नाही, मुळापुरती जागा सुधारायची.

म्हणून आधी बोअरच्या पाण्यातलं बायकार्बोनेट तपासून घ्या. पाणी थोडं थोडं द्या, भुईमुगाला रुंद वाफे करून वाफसा टिकवा. नत्र देताना अमोनियम सल्फेटला पसंती द्या. मूळ अमोनियम घेतं तेव्हा बाहेर आम्ल सोडतं, नायट्रेट घेतं तेव्हा भोवतालचा सामू वाढतो. डीएपीचा मारा कमी करा, जास्तीचं स्फुरद लोहाला बांधून ठेवतं. हिराकस द्यायचंच असेल तर दहा पट कुजलेल्या शेणखतात मिसळून, ओलं करून दोन आठवडे झाकून ठेवा आणि मग ओळीजवळ चर काढून त्यात घाला. कारखान्याची मळी (रस गाळून उरलेला गाळ, प्रेसमड) वापरणार असाल तर ती कोणत्या प्रक्रियेची आहे ते विचारा. सल्फिटेशनची (रस गंधकाच्या धुराने साफ करण्याची) असेल तर चांगली. कार्बोनेशनच्या मळीत चुनाच असतो, ती तुमच्या रानात नको.

उभ्या पिकाला फवारणी हाच तात्पुरता दिलासा. १०० लिटर पाण्यात आधी १०० ग्रॅम सायट्रिक आम्ल विरघळवा आणि मग ५०० ग्रॅम हिराकस. क्रम बदलू नका. तुमच्या खाऱ्या पाण्यात हिराकस आधी पडलं तर टाकीतच गंजेल. द्रावण स्वच्छ फिकट हिरवं दिसलं पाहिजे, तपकिरी झालं तर ओतून द्या. उन्हात मारू नका. आठ-दहा दिवसांनी पुन्हा मारावं लागेल, कारण फवाऱ्यानंतर आलेल्या पानाला त्यातलं फारसं काही मिळत नाही. चिलेट (लोहाला धरून विरघळलेलं ठेवणारं द्रव्य) घेणार असाल तर पुडीवर नाव वाचा. ईडीटीए तुमच्या सामूत टिकत नाही, कॅल्शियम त्याला लोहापासून तोडतं. मातीतून द्यायचं तर ईडीडीएचए लागतं, ते महाग असतं, म्हणून मी ते द्राक्षबागेलाच सुचवतो.

भुईमुगाच्या पुढच्या हंगामासाठी दोन गोष्टी. जेएल-२४ आणि टीएमव्ही-२ चुनखडीत लवकर पिवळ्या पडतात, आयसीजीव्ही ८६०३१ तग धरते. बी निवडताना धारवाडच्या कृषी विद्यापीठात चौकशी करा. दुसरी गोष्ट मला फार आवडते. चीनमधल्या चुनखडीच्या रानात मक्याशेजारी लावलेला भुईमूग हिरवा राहतो आणि एकटा लावलेला पिवळा पडतो, असं प्रयोगांत दिसलं. मक्याच्या मुळांनी सोडलेले चिमटे शेजारचा भुईमूगही वापरतो. त्यासाठी ओळी इतक्या जवळ हव्यात की मुळं एकमेकांत मिसळतील. ज्वारीवर ही आशा ठेवू नका, ती फार थोडं द्रव्य सोडते. एका वाफ्यात करून बघा आणि मला कळवा, मनापासून जाणून घ्यायचं आहे.

आता मेहुण्यांचा भात. खानापूरकडच्या पावसाने हजारो वर्षांत मातीतला चुना धुऊन नेला आणि मागे लोह-ॲल्युमिनियम उरलं, जांभा दगड त्याचाच. अशा मातीत चिखलणी करून पाणी बांधलं की हवा संपते, आणि जंतू गंजातल्या फेरिक लोहाला फेरस करतात. पाणी दोन्हीकडे साचतं, तुमच्याकडे त्याने लोह अडतं आणि त्यांच्याकडे मोकळं सुटतं. भात गवत असूनही फेरस लोह थेट आत घेऊ शकतो, म्हणून त्याला लोह मिळवण्यापेक्षा ते रोखण्याचं काम जास्त. तो पानांतून मुळापर्यंत हवा नेतो आणि मुळाबाहेर सोडतो, त्या हवेत लोह मुळावरच गंजून बसतं. तरवा (लावणीआधीची रोपं) किंवा लावलेला भात उपटला की मुळांवर जो तांबूस लेप दिसतो, ती झाडाने उभी केलेली भिंत आहे. ती अपुरी पडली की जुन्या, खालच्या पानांवर टोकाकडून तपकिरी ठिपके येतात. तुमच्या पिवळेपणाची सुरुवात शेंड्यावर, त्यांच्या तांबेऱ्यासारख्या डागांची सुरुवात बुडाशी, ही खूण लक्षात ठेवा. डोंगरउताराच्या खालच्या, झऱ्याचं पाणी झिरपणाऱ्या खाचरात हे जास्त होतं. पालाश कमी असेल तर आणखी वाढतं, म्हणून पोटॅशचा हप्ता चुकवू नये.

मेहुण्यांना सांगा, डाग असलेल्या खाचरातलं एक रोप मातीसकट उपटून वाहत्या पाण्यात धुऊन बघा. मुळं नारिंगी असतील तर भिंत अजून उभी आहे, आठवडाभर पाणी काढून खाचर सुकत ठेवलं की पीक सावरेल. मुळं काळी पडली असतील आणि सडक्या अंड्यासारखा वास येत असेल तर वाट बघू नका, बांध त्याच दिवशी फोडा.